मेलबर्नचे चार गोल

भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिक क्रीडामहोत्सवात चार वेळा खेळला: १९४८ साली लंडन येथे, १९५२ साली हेलसिंकी येथे, १९५६ साली मेलबर्न येथे आणि १९६० साली रोम येथे. ह्या चार महोत्सवांत मिळून त्याने आठ सामने खेळले व दहा गोल केले. लंडनला एक, हेलसिंकीला एक, मेलबर्नला पाच आणि रोमला तीन, असा हा हिशेब आहे. १९६० नंतर भारतीय फुटबॉल संघास ऑलिंपिकचे मैदान पुन्हा लाभलेले नाही. तेव्हा दहा हा आकडा अद्याप दहाच राहिला आहे. ह्या दहांपैकी चार गोल एकाच गृहस्थांनी केले, आणि तेही एकाच आठवड्यात. त्यांचे नाव नेव्हिल डिसूझा. ते मुंबईच्या मैदानांवर खेळत व मुंबईच्या कंपन्यांच्या संघांत असत. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथून ज्या शहराकडे रोज सकाळी गाड्या भरून माणसे जातात, त्या शहराचे ते खेळाडू होते. असे असूनही ह्या पट्ट्यातील दहा सुशिक्षित माणसांस त्यांचे नाव विचारले, तर नऊ जण मान हलवतील. एखाद्या माणसाचे कर्तृत्व आणि त्याची कीर्ती ह्यांत एवढे अंतर का पडावे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

प्रथम त्या काळचे मुंबईचे फुटबॉल कसे होते, हे ध्यानी घेतले पाहिजे. हा खेळ येथे गोऱ्या पलटणींबरोबर आला. रोव्हर्स चषकाची स्पर्धा मुंबईस १८९१ साली सुरू झाली, आणि पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटच्या शिपायांनी जिंकला. पुढे पंचेचाळीस वर्षे हा चषक पलटणींच्या हातून सुटला नाही. १९३७ साली बंगलोर मुस्लिम ह्या संघाने तो प्रथम देशी हातांत आणला. १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे हैदराबादच्या पोलीस संघाने तो जिंकला. कूपरेजच्या मैदानावर ह्या सामन्यांस मोठी गर्दी लोटे. शिवाय हारवुड लीग नावाची शहरातील संघांची साखळी स्पर्धा असे. पावसाळ्यात क्रिकेटचा हंगाम संपलेला असे, मैदाने चिखलाने भरलेली असत, आणि त्या चिखलातच फुटबॉलचे खरे राज्य चाले.

तथापि ह्या राज्याची प्रजा कोण होती? मुंबईतील मराठी मध्यमवर्गाचे चित्त क्रिकेटकडे लागलेले होते. गिरणगावात कबड्डी आणि कुस्ती ह्यांस मान होता. फुटबॉलचे मैदान बहुशः गोमंतकीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, मुसलमान आणि दक्षिणेकडून आलेले तरुण ह्यांनी भरलेले असे. धोबीतलाव, माझगाव ह्या भागांत गोव्याच्या गावागावांच्या नावाने चालणाऱ्या ‘कुडी’ होत्या. नोकरीसाठी किंवा जहाजावर चढण्यासाठी आलेला गावकरी तेथे अल्प भाड्यात पथारी टाकी. खलाशी, आचारी, शिंपी, वाजंत्रीवाले व कारकून असा हा कष्टाळू समाज होता. त्याची प्रार्थना, त्याचे गाणे आणि त्याचा फुटबॉल हे तिन्ही त्याने मुंबईस आणले. मराठी वाचकाला ह्या समाजातील गायक-वादकांची थोडीबहुत माहिती असते, खेळाडूंची मात्र नसते.

अशाच एका गोमंतकीय कुटुंबात ३ ऑगस्ट १९३२ रोजी नेव्हिल डिसूझा ह्यांचा जन्म झाला. त्यांचे बंधू डेरिक हेही पुढे नामांकित खेळाडू झाले. नेव्हिल ह्यांच्या तरुणपणी गोवा पोर्तुगीजांच्या अंमलाखाली होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यानंतर भारत व गोवा ह्यांमधील वाहतूक बंद पडली. मुंबईतल्या गोमंतकीय घरांस आपल्या गावी जाणे दुरापास्त झाले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तोवर ही स्थिती टिकली. म्हणजे डिसूझा ह्यांनी भारताचा गणवेष अंगावर चढवला, तेव्हा त्यांच्या पूर्वजांच्या भूमीवर दुसऱ्या राष्ट्राचे निशाण फडकत होते. ह्या गोष्टीचा त्यांनी स्वतः कधी डांगोरा पिटला असे नव्हे. परंतु इतिहास लिहिताना ती विसरता येत नाही.

मुंबईस फुटबॉल खेळून पोट भरत नसे. इंग्लंडमध्ये हा खेळ फार पूर्वीच धंदा झाला होता. तेथे अव्वल श्रेणीखाली दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीचे संघ असत. तिसरी श्रेणी १९५८ पर्यंत उत्तर व दक्षिण अशी विभागलेली होती, आणि त्या वर्षापासून चौथीही निघाली. लहान लहान गावांचे हे संघ खेळाडूंस आठवड्याचा पगार देत. त्या पगारास लीगच्या नियमाने मर्यादा होती. १९६१ साली ती उठवली गेली, तेव्हा ती आठवड्यास वीस पौंड होती. एवढ्या वेतनावर कित्येक उत्तम आघाडीवीरांनी आपले आयुष्य खालच्या श्रेणीत काढले. आर्थर रौली ह्या खेळाडूचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९४६ ते १९६५ ह्या काळात त्याने इंग्लिश लीगमध्ये ६१९ सामन्यांत ४३४ गोल केले. हा त्या लीगचा विक्रम आहे. ह्यांपैकी पुष्कळसे गोल श्रूझबरी ह्या छोट्या गावाच्या संघासाठी खालच्या श्रेणीत झाले, आणि इंग्लंडच्या मुख्य राष्ट्रीय संघात त्याला एकदाही घेतले गेले नाही. तरी ४३४ हा आकडा त्याच्या नावापुढे कायमचा कोरलेला राहिला, कारण त्या देशात खालच्या श्रेणीतील गोलाचीही नोंद ठेवली जाते व ती नोंद लोक वाचतात.

मुंबईचा मार्ग निराळा होता. येथे खेळाडूला कंपनी नोकरी देई. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा-शेल, रेल्वे, बंदर अशा मोठ्या संस्थांचे संघ असत. खेळाडू सकाळी कचेरीत हजेरी लावी, दुपारनंतर त्याला सरावासाठी मोकळीक मिळे, आणि महिन्याच्या शेवटी त्याला पगार मिळे तो कारकुनाचा किंवा कामगाराचा म्हणून. कागदावर तो हौशी खेळाडू असे. ह्या व्यवस्थेला हसणे सोपे आहे. परंतु ज्या घरात बाप खलाशी आहे आणि भावंडे पाच-सहा आहेत, त्या घराला ह्या नोकरीचे मोल विचारावे. पाय चालतात तोवर खेळ आणि पाय थकल्यावरही पेन्शनीपर्यंत खुर्ची, असे आश्वासन इंग्लंडमधल्या तिसऱ्या श्रेणीच्या खेळाडूला कोणी देत नव्हते. तिशी उलटली की त्याला दुकान तरी थाटावे लागे किंवा खाणीत तरी उतरावे लागे. डोंबिवली-कल्याणच्या ज्या कुटुंबांनी एका नोकरीच्या आधारावर दोन पिढ्यांची शिक्षणे केली, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

ह्या व्यवस्थेचे उणेही होते. कंपनीचा संघ हा कोणत्या गावाचा वा वस्तीचा संघ नसे. श्रूझबरीच्या संघाच्या मागे श्रूझबरी गाव उभे असे. मोहन बागानच्या मागे अर्धी कलकत्ता उभी असे. टाटा किंवा कॅल्टेक्स ह्यांच्या संघामागे कोण उभे राहणार? कचेरीतले सहकारी, थोडे दर्दी प्रेक्षक आणि खेळाडूंच्या आळीतील पोरे. प्रेम करावयास लोकांना गाव लागते. कंपनीच्या नावाने कोणी गहिवरत नाही. मुंबईचे मोठे फुटबॉलपटू विस्मरणात गेले, ह्याचे एक कारण येथे सापडते.

डिसूझा हे प्रथम टाटांच्या व नंतर कॅल्टेक्सच्या संघात खेळले. त्यांची जागा मधल्या आघाडीवीराची, म्हणजे सेंटर फॉरवर्डची. ही जागा बाहेरून जितकी वैभवाची दिसते तितकीच आतून कष्टाची आहे. नव्वद मिनिटांपैकी ऐंशी मिनिटे ह्या खेळाडूच्या पायास चेंडू लागत नाही. दोन धिप्पाड रक्षक त्याच्या पाठीस लागलेले असतात. कडेचा खेळाडू चेंडू उंच टाकील की जमिनीलगत, गोलरक्षक पुढे सरकेल की मागे राहील, मारलेला चेंडू खांबावर आपटून कोणीकडे उडेल, ह्याचा अदमास त्याला क्षणार्धात बांधावा लागतो. अदमास चुकला की प्रेक्षक त्यालाच शिव्या घालतात, आणि तो बरोबर ठरला की ‘नशिबाने समोर चेंडू आला’ असे म्हणतात. नेमक्या वेळी नेमक्या ठिकाणी असणे ही एक विद्या आहे, आणि ती डिसूझा ह्यांस साधली होती. १९५४ साली मुंबईने संतोष चषक पहिल्यांदा जिंकला, त्या विजयी संघात ते होते. हा चषक १९४१ पासून प्रांतांच्या संघांमध्ये खेळला जातो, आणि पूर्व बंगालमधील संतोष संस्थानावरून त्यास हे नाव पडले. तेव्हा डिसूझा अवघे बावीस वर्षांचे होते.

आता भारतीय फुटबॉलची त्या वेळची योग्यता पाहावी. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीस हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा त्यांचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते. त्या विजयाचा राष्ट्रास अभिमान वाटला, आणि अनवाणी खेळणे ही जणू देशी पद्धतच ठरली. १९४८ साली लंडनला भारताने फ्रान्सशी सामना दिला तो बहुतांशी अनवाणीच. तो सामना १-२ असा गमावला, आणि त्यात दोन पेनल्टी वाया गेल्या. लोकांनी त्या पराभवाचेही कौतुक केले. १९५२ साली हेलसिंकीला मात्र थंडीने व ओल्या हिरवळीने ह्या अभिमानाचा निकाल लावला. युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. त्यानंतर बूट घालून खेळण्याचा दंडक झाला. ज्या रीतीने एकदा विजय मिळवून दिला तिला चाळीस वर्षे कवटाळून बसले म्हणजे काय होते, ह्याचा हा धडा होता.

हा धडा ज्यांनी मनावर घेतला ते सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादच्या पोलीस संघाचे ते गुरू, आणि मूळचे शाळामास्तर. खेळाडू त्यांना रहीमसाहेब म्हणत. १९५३ च्या नोव्हेंबरात हंगेरीच्या संघाने खुद्द वेंब्लीवर इंग्लंडला ६-३ असे हरवले होते. त्या सामन्यात हंगेरीचा मधला आघाडीवीर नेहमीच्या जागेवर उभा न राहता मागे सरे, आणि त्याला धरावयास गेलेला रक्षक आपली जागा उघडी टाकी. रहीमसाहेबांनी ही युक्ती आपल्या संघास शिकवली. बंगालचे समर बॅनर्जी हे संघाचे नायक. त्यांनी किंचित मागे राहून खेळ जुळवावा, दोन्ही कडांकडून चेंडू आत यावा आणि पुढच्या मोकळ्या जागेत डिसूझा ह्यांनी घुसावे, अशी ती योजना होती. प्रदीपकुमार बॅनर्जी, तुळसीदास बलराम, कृष्णस्वामी किट्टू, पीटर थंगराज अशी पुढे गाजलेली नावे त्याच चमूत होती. हैदराबाद, बंगाल, मद्रास, म्हैसूर आणि मुंबई येथील ही मुले एकमेकांची भाषासुद्धा पुरती जाणत नव्हती. मास्तरांनी त्यांना एका वर्गात बसवले.

मेलबर्नचा महोत्सव २२ नोव्हेंबर १९५६ रोजी सुरू झाला. पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. परंतु हंगेरीत त्याच वेळी उठाव होऊन रशियन रणगाडे बुडापेस्टच्या रस्त्यांत शिरले होते. हंगेरीचा फुटबॉल संघ आला नाही, व भारतास पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी उपांत्यपूर्व सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी झाला. ऑस्ट्रेलियाने आधीच्या फेरीत जपानला २-० असे हरवले होते. मैदान त्यांचे, प्रेक्षक त्यांचे, हवा त्यांची.

नवव्या मिनिटाला डिसूझा ह्यांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला डिसूझा ह्यांनी पुन्हा आघाडी घेतली, आणि एकेचाळिसाव्याला मॉरोने ती पुन्हा पुसली. दुसऱ्या अर्धात, पन्नासाव्या मिनिटाला, डिसूझा ह्यांनी तिसरा गोल चढवला. ह्या वेळी मॉरोपाशी उत्तर नव्हते. ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा गोल केला आणि सामना ४-२ असा संपला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे डिसूझा हे पहिले आशियाई खेळाडू ठरले, आणि उपांत्य फेरीस पोहोचलेला भारत हा पहिला आशियाई देश ठरला.

४ डिसेंबरला उपांत्य सामना होता. समोर युगोस्लाव्हिया, चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवणारा तोच देश. मध्यंतरापर्यंत कोणाचाही गोल झाला नाही. दुसऱ्या अर्धाच्या आरंभी, बावन्नाव्या मिनिटाला, डिसूझा ह्यांनी गोल केला आणि भारत पुढे गेला. हेलसिंकीस ज्यांनी मान खाली घातली होती त्यांनी ती आता वर केली. हे वैभव फार टिकले नाही. युगोस्लाव्हियाने थोड्याच मिनिटांत बरोबरी साधली, मग आघाडी घेतली, आणि सामना १-४ असा गेला. तथापि १-१० आणि १-४ ह्या दोन आकड्यांच्या मध्ये चार वर्षांची मेहनत उभी आहे. ७ डिसेंबरला तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाशी सामना झाला, तो भारताने ०-३ असा गमावला. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताने ह्याहून वरचे स्थान आजवर मिळवलेले नाही.

स्पर्धा संपली तेव्हा सर्वाधिक गोल करणारे तिघे होते, प्रत्येकाचे चार: बल्गेरियाचा मिलानोव्ह, युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि भारताचे डिसूझा. येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो तपासून पाहणे न्याय्य आहे. त्या वर्षी कित्येक देशांनी माघार घेतली, अकराच संघ उरले, भारतास एक फेरी न खेळताच पुढे चाल मिळाली. तेव्हा ह्या चार गोलांचे मोल ते काय, असा तो आक्षेप. माघारीची गोष्ट खरी आहे. पण मग तिघांच्याही हिशेबाकडे सारख्याच नजरेने पाहावे. मिलानोव्हचे तीन गोल ब्रिटनच्या हौशी संघाविरुद्ध आणि एक भारताविरुद्ध. वेसेलिनोविचचे तीन अमेरिकेविरुद्ध, तोही सामना ९-१ असा एकतर्फी, आणि एक भारताविरुद्ध. डिसूझा ह्यांचे तीन यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध, तेही सामना दोनदा बरोबरीत आलेला असताना, आणि चौथा पुढे रौप्यपदक मिळवणाऱ्या युगोस्लाव्हियाविरुद्ध. तराजू एकच लावला तर मुंबईच्या ह्या खेळाडूचे पारडे हलके ठरत नाही. शिवाय मेलबर्नला भारताने एकंदर पाच गोल केले, त्यांतले चार एकट्या डिसूझा ह्यांचे होते.

आणखीही एक पुरावा आहे. महोत्सव संपल्यावर १२ डिसेंबर रोजी सिडनी येथे भारत व ऑस्ट्रेलिया ह्यांची पुन्हा गाठ पडली. तो सामना भारताने ७-१ असा जिंकला. मेलबर्नचा विजय नशिबाने मिळाला असे म्हणणाऱ्यांस सिडनीने उत्तर दिले.

इतके असूनही हे नाव आपल्या घरांतून घुमले का नाही? ह्याचे एक कारण त्या आठवड्याच्या तारखांतच आहे. ज्या मेलबर्नला फुटबॉल संघ चौथा आला, तेथेच ६ डिसेंबरला भारताच्या हॉकी संघाने पाकिस्तानला १-० असे हरवून सलग सहावे सुवर्णपदक मिळवले. सोन्यापुढे चौथ्या क्रमांकाकडे कोण पाहणार? आणि महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर त्याच ६ डिसेंबरला दिल्लीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला, म्हणजे मेलबर्नला बल्गेरियाशी सामना झाला त्या दिवशी, दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांना निरोप देण्यास जनसागर लोटला होता. त्याआधी महिनाभर, १ नोव्हेंबरला, मराठी माणसाच्या इच्छेविरुद्ध द्विभाषिक राज्य अस्तित्वात आले होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला होता. अशा दिवसांत महाराष्ट्राचे मन फुटबॉलकडे नसावे, हे अगदी स्वाभाविक होय. त्याबद्दल कोणासही दोष देता येत नाही. दोष आहे तो पुढच्या वर्षांचा. शोक ओसरला, लढा यशस्वी झाला, १ मे १९६० रोजी राज्य मिळाले. पण मागे वळून त्या आठवड्यात हातून निसटलेली गोष्ट उचलून घ्यावयाचे राहून गेले.

मेलबर्नहून परतल्यावर डिसूझा पुन्हा मुंबईच्या चिखलात उतरले. १९५८ साली कॅल्टेक्सच्या संघाने रोव्हर्स चषक जिंकला, आणि त्या यशात त्यांचा वाटा होता. जो चषक गोऱ्या पलटणींनी सुरू केला आणि हैदराबाद-कलकत्त्याने गाजवला, तो एकदा तरी मुंबईच्या कचेरीतल्या माणसांनी जिंकावा, ह्यात औचित्य होते. १९६१ साली केंद्र सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला. फुटबॉलचा पहिला पुरस्कार प्रदीपकुमार बॅनर्जी ह्यांस आणि दुसरा तुळसीदास बलराम ह्यांस मिळाला. दोघेही मेलबर्नचे सोबती, आणि दोघेही पूर्ण योग्यतेचे. पुढे वर्षामागून वर्षे यादी वाढत गेली, तरी तीत नेव्हिल डिसूझा हे नाव आले नाही. १६ मार्च १९८० रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर त्यांच्या कीर्तीचे उरलेसुरले आधारही एकेक करून गेले. कॅल्टेक्सचा भारतातील कारभार सरकारने १९७६ सालीच ताब्यात घेतला होता, व १९७८ साली तो हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. रोव्हर्स चषकाची स्पर्धा शतकाहून अधिक काळ चालून अखेर एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंद पडली. एखाद्या गावाचा संघ असता तर गाव राहिले असते, आणि गावाबरोबर आठवणही राहिली असती. कंपनी गेली तेव्हा तिच्या चषकांच्या कपाटाबरोबर आठवणही गेली.

येथे इंग्लंडच्या त्या खालच्या श्रेणीतील आघाडीवीराकडे पुन्हा एकदा पाहावे. आर्थर रौलीला आपल्या देशाच्या मुख्य संघात जागा मिळाली नाही, ऑलिंपिकचे मैदान तर त्याने पाहिलेही नाही. तरी त्याचे ४३४ गोल त्याच्या देशातील शाळकरी मुलाला पुस्तक उघडताच सापडतात. डिसूझा ह्यांनी जगातील चार उत्तम संघांत आपला संघ नेऊन बसवला, आणि त्यांच्या देशातील मुलाला त्यांचे नाव कोणीतरी मुद्दाम सांगावे लागते. ह्यावरून कोणता खेळाडू मोठा हे ठरत नाही. कोणता समाज आपली दप्तरे नीट बांधून ठेवतो, एवढे मात्र ठरते. मराठ्यांच्या इतिहासाचे कागद गोळा करण्यासाठी ज्या भूमीतील संशोधकांनी वाड्यावाड्यांतून पायपीट केली, त्या भूमीला दप्तराचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नसावी. परंतु इतिहास म्हणजे लढाया व तहनामे, आणि खेळ म्हणजे रिकामपणाचा उद्योग, ही समजूत आपल्याकडे फार काळ राहिली. सामन्यांचे निकाल, संघांच्या याद्या, जुनी छायाचित्रे, कात्रणे ही सामग्री घरोघरच्या माळ्यांवर पडून असते, आणि घर पाडून इमारत उभी राहते तेव्हा ती रद्दीवाल्याकडे जाते. ठाणे आणि कल्याण येथील किती जुनी घरे अशी गेली, हे येथील रहिवासी जाणतात.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डिसूझा ह्यांच्या आयुष्याकडे केवळ उपेक्षेची कहाणी म्हणून पाहणे हा त्यांच्यावर आणखी एक अन्याय होईल. दयेस पात्र ठरावे असे त्यांनी काही केले नव्हते. ते खेळले ते पगारासाठी आणि आनंदासाठी. नोकरीने घर चालले आणि खेळाने नाव झाले. परदेशी मैदानावर, परक्या प्रेक्षकांसमोर, हातात आलेली आघाडी दोनदा गेली असता तिसऱ्यांदा ती मिळवण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. मानचिन्ह नंतर कोणी दिले वा न दिले, त्याने १ डिसेंबर १९५६ च्या त्या तीन गोलांतला एकही कमी होत नाही. सन्मान ही समाजाने आपल्या स्वतःच्या हितासाठी करावयाची गोष्ट आहे. ज्याचा सन्मान करावयाचा तो तर आपले काम करून कधीच निघून गेलेला असतो.

पावसाळा सुरू झाला की ठाण्यापासून कल्याणपर्यंत जेथे म्हणून थोडी मोकळी जागा उरली आहे तेथे मुले आजही चेंडू घेऊन उतरतात. त्यांच्या अंगावरील सदऱ्यांच्या पाठीवर युरोपातल्या व दक्षिण अमेरिकेतल्या खेळाडूंची नावे छापलेली असतात. त्यात वावगे काही नाही; मोठ्या खेळाडूला देश नसतो. फक्त त्या मुलांना कोणीतरी एवढे सांगावे, की ज्या मुंबईस येथून तासाभरात गाडी पोहोचते, तेथील एका कचेरीतला पंचविशीही न गाठलेला तरुण एके काळी ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत होता. नाव नेव्हिल डिसूझा. सामने तीन, गोल चार.